बिनपदवीचा प्राध्यापक : जॉर्ज बूल

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा मामेभाऊ आमच्या घरी आला, तो सोबत एक छोटा हिरवा बोर्ड घेऊन. बोर्डाच्या मधोमध काळी चौकोनी चिप, एका कडेला बटणे आणि दुसऱ्या कडेला बारीक दिवे. तो डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. या चिपमध्ये कोणते सर्किट असावे हे कारखान्यात कायमचे ठरवलेले नसते. आपणच ते संगणकावर लिहायचे, तारेने चिपमध्ये भरायचे आणि उद्या दुसरे हवे असल्यास पहिले पुसून दुसरे भरायचे, असे त्याने मला सांगितले. मी पडलो कॉमर्सचा विद्यार्थी. म्हणून त्याने मला समजेल असेच उदाहरण घातले. बँकेत दोघांचे संयुक्त खाते आहे. दोघांपैकी कोणाही एकाची सही चालते. पण चेक थांबवण्याची सूचना आली असेल तर तो वटता कामा नये. पहिले बटण म्हणजे पहिल्याची सही, दुसरे म्हणजे दुसऱ्याची, तिसरे म्हणजे थांबवण्याची सूचना. चेक वटत असेल तर दिवा लागला पाहिजे.

मी मोठ्या आत्मविश्वासाने एक ओळ लिहिली : पहिला किंवा दुसरा आणि सूचना नाही. चिपमध्ये ती भरली. बटणे दाबून पाहतो तर थांबवण्याची सूचना असतानाही, पहिल्याची सही असली की दिवा लागतच होता! मी बँकेत कारकून असतो तर त्याच दिवशी माझ्यावर चौकशी बसली असती. मामेभावाने हसून एक कागद पुढे केला आणि तीन बटणांच्या दाबलेले व न दाबलेले मिळून होणाऱ्या आठही अवस्था एकाखाली एक लिहायला लावल्या. प्रत्येक अवस्थेत दिवा हवा की नको हे समोर मांडले. एक म्हणजे हवा, शून्य म्हणजे नको. तीन ठिकाणी एक यायला हवा होता. माझ्या ओळीने पाच ठिकाणी आला होता. मी कंस विसरलो होतो. पहिला किंवा दुसरा हे आधी कंसात घ्यायला हवे होते.

या हिशेबाला बूलीय बीजगणित म्हणतात हे मला तेव्हा कळले. बूल हा कुठला तरी इंग्रजी शब्द असावा अशी माझी समजूत होती. ते एका माणसाचे नाव आहे, तो माणूस कधी कॉलेजात शिकला नव्हता आणि त्याचे पहिले शिक्षण व्यापारी शाळेत झाले होते, हे वाचल्यावर मला त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागली. त्याचीच ही ओळख.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल यांचे जोडे शिवण्याचे दुकान होते. आई लग्नापूर्वी एका मोठ्या घरी सेविका होती. जॉन बूल यांचे लक्ष जोड्यांपेक्षा दुर्बिणी आणि भिंगे यांच्यातच अधिक असे. स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून गावकऱ्यांना ते आकाश दाखवीत. अशा माणसाचा धंदा भरभराटीला येणार कसा? पण मुलाला गणिताची आणि उपकरणांची गोडी लागली ती याच दुकानात. चार भावंडांत जॉर्ज सर्वांत थोरला.

शाळा म्हणाल तर गावातली प्राथमिक शाळा आणि पुढे काही काळ एक कमर्शियल अकॅडमी, एवढीच. तेथे व्यापाराला लागणारे हिशेब आणि लेखन शिकवीत. श्रीमंतांच्या मुलांना मिळणारे लॅटिन आणि ग्रीक तेथे नव्हते. त्या काळी या भाषा आल्याशिवाय विद्वानांच्या पंक्तीला बसता येत नसे. जॉर्जला लॅटिनचे पहिले धडे वडिलांच्या ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक तो आपला आपणच शिकला. चौदा वर्षांचा असताना त्याने मेलिएजर या ग्रीक कवीच्या एका कवितेचे इंग्रजी भाषांतर केले आणि वडिलांनी अभिमानाने ते स्थानिक वर्तमानपत्रात छापवून आणले. ते वाचून एका शाळामास्तरांनी जाहीर शंका घेतली की, चौदा वर्षांच्या पोराला हे जमणे शक्य नाही, ही कोठून तरी केलेली उचल असली पाहिजे. गरिबाच्या मुलाच्या हुशारीला मिळणारी ही पावती सर्व देशांत सारखीच दिसते.

१८३१ साली वडिलांचा धंदा बसला. सोळा वर्षांच्या जॉर्जवर आईवडील आणि तीन भावंडे यांचा भार आला. त्याने घरापासून दूर डॉन्कास्टर येथील एका शाळेत दुय्यम शिक्षकाची नोकरी धरली. आपण ज्या वयात अकरावीचे तास चुकवतो, त्या वयात हा मुलगा पगार घरी पाठवत होता. उरलेल्या थोड्या पैशांत पुस्तके घ्यायची, तीही गणिताची. कारण कादंबरी दोन दिवसांत संपते आणि गणिताचे पुस्तक महिनोन् महिने पुरते, हा त्याचा हिशेब होता असे सांगतात. व्यापारी शाळेचे शिक्षण अगदीच वाया गेले नव्हते म्हणायचे! त्या काळचे उत्तम गणित फ्रेंचमध्ये होते, म्हणून तो फ्रेंच शिकला. लाक्रुआ, लाग्रांज, लाप्लास यांचे ग्रंथ त्याने कोणाच्याही मदतीशिवाय वाचून काढले. पुढे जर्मन आणि इटालियनही आत्मसात केली. आपल्या सीमाभागात घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि पुस्तकात तिसरी अशी तारांबळ रोजचीच आहे. तिचे आपण नेहमी रडगाणे गातो. या मुलाने प्रत्येक भाषा एकेका पुस्तकासाठी शिकून घेतली.

मात्र येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वयंशिक्षणाचे गोडवे गाणारे ती सहसा सांगत नाहीत. बूल यांना स्वतःलाच पुढे वाटे की, चांगला शिक्षक न मिळाल्यामुळे आपली जवळजवळ पाच वर्षे फुकट गेली. शिक्षक आठवड्यात उलगडून दाखवील अशा एखाद्या अडचणीपाशी ते महिनोन् महिने अडून बसत. ते एकटे शिकले ते त्यांना कोणी नव्हते म्हणून, हौसेने नव्हे.

डॉन्कास्टरला असतानाच, सतरा वर्षांचे असताना एका शेतातून चालत जात असता त्यांच्या मनात एक कल्पना चमकून गेली, असे त्यांच्या पत्नीने पुढे लिहून ठेवले आहे. संख्यांची गणिते आपण चिन्हांनी मांडतो; मग माणसाचा विचार, त्याचे आणि, किंवा, नाही, म्हणून हे सारे चिन्हांनी का मांडता येऊ नये? कल्पना आली आणि बाजूला पडली. पोटापाण्याचा प्रश्न मोठा होता. ती पुन्हा वर यायला जवळजवळ चौदा वर्षे लागली.

१८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. पुढची पंधरा वर्षे शाळा चालवणे हाच त्यांचा व्यवसाय होता. त्याच सुमारास गावात कामगार आणि कारागीर यांच्यासाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या ग्रंथालयाची व्यवस्था वडिलांकडे आली आणि बूल तेथे शिकवू लागले. दुकानात रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या नोकरांना लवकर सुटी मिळावी म्हणून चाललेल्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला आणि १८४७ साली मोकळा वेळ कसा वापरावा याविषयी त्यांच्यापुढे व्याख्यान दिले. सकाळी कॉलेज करून दुपारपासून दुकानात उभे राहणारे काही मित्र आपल्याही वर्गात आहेत. त्यांना या व्याख्यानाचे महत्त्व सांगायला नको.

१८४० च्या सुमारास केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात बूल यांचे लेख येऊ लागले. त्याचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी या अनोळखी शाळामास्तराला शोधनिबंध कसा लिहावा हे पत्रांतून शिकवले. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असे बूल यांच्या मनात आले होते. पण शाळा बंद केली तर घर कोणी चालवायचे? विचार तेथेच संपला. १८४४ साली रॉयल सोसायटीने त्यांच्या निबंधाला गणितासाठी सुवर्णपदक दिले.

१८४७ साली त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले : द मॅथेमॅटिकल अॅनॅलिसिस ऑफ लॉजिक. पाने अवघी ८२. निमित्त झाले एका भांडणाचे. ऑगस्टस डी मॉर्गन हे गणिती आणि एडिंबरोचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्कशास्त्रातल्या एका मुद्द्याच्या श्रेयावरून वाद पेटला होता. तो वाचून बूल यांना आपली जुनी कल्पना आठवली. हे डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मलेले. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. सर्किट शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नियम पाठ करावे लागतात. दोघांपैकी एकाचीही सही नाही असे म्हणणे आणि पहिल्याची नाही व दुसऱ्याचीही नाही असे म्हणणे एकच, हा त्यांतला एक.

बूल यांची मूळ युक्ती समजायला सोपी आहे. सगळ्या वस्तूंतून पांढऱ्या वस्तू निवडण्याच्या क्रियेला क म्हणू. मेंढ्या निवडण्याच्या क्रियेला ख म्हणू. एकापुढे एक दोन्ही निवडी केल्या, म्हणजे क गुणिले ख, की हाती पांढऱ्या मेंढ्या येतात. आता पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्याच निवडल्या तर? हाती त्याच राहतात. म्हणजे क × क = क. नेहमीच्या अंकांत हे कोणाला लागू पडते? दोनाला नाही, तिनाला नाही. फक्त शून्याला आणि एकाला. म्हणून या बीजगणितात शून्य आणि एक हे दोनच अंक. शून्य म्हणजे काहीच नाही आणि एक म्हणजे सर्व काही. एकातून क वजा केला की पांढऱ्या नसलेल्या वस्तू उरतात; आणि क × (१ − क) = ०, म्हणजे एकच वस्तू पांढरी आणि पांढरी नसलेली अशी दोन्ही असू शकत नाही. ॲरिस्टॉटलपासून तत्त्वज्ञ ज्या नियमाची पूजा करीत आले, तो एका ओळीच्या समीकरणात बसला.

आयर्लंडमध्ये कॉर्क येथे नवे क्वीन्स कॉलेज निघत होते. बूल यांनी १८४६ सालीच अर्ज केला होता. त्यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. होते ते डी मॉर्गन, केली आणि थॉमसन यांच्यासारख्या गणितींचे शिफारसवजा अभिप्राय. १८४९ साली त्यांची तेथे गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जो कधी कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसला नाही, तो एकदम प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसला. आदल्या डिसेंबरातच वडील वारले होते. त्यांना हे पाहता आले नाही. बटाट्याचे पीक बुडाल्याने पडलेल्या भीषण दुष्काळाने त्या वेळी आयर्लंड खंगून गेले होते.

कॉर्कला १८५० साली त्यांची मेरी एव्हरेस्ट या तरुणीशी ओळख झाली. ती त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. तिचे एक काका कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक होते आणि दुसरे काका म्हणजे भारताचे सर्व्हेयर जनरल राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट. जगातील सर्वोच्च शिखराला १८६५ साली ज्यांचे नाव देण्यात आले तेच हे. बूल तिला पत्रांतून गणित शिकवीत. १८५५ साली तिच्या वडिलांचे निधन होऊन ती निराधार झाली आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. नऊ वर्षांच्या संसारात त्यांना पाच मुली झाल्या. पुढे १९०१ साली मेरी यांनी जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात असे मत मांडले की, काकांच्या द्वारे आलेल्या भारतीय विचारांचा आपल्या पतीवर परिणाम झाला होता. हे त्यांचे मत. आपण त्यावर फार फुगून जाऊ नये.

विवाहाच्या आदल्या वर्षी, १८५४ साली, बूल यांचा मुख्य ग्रंथ लॉज ऑफ थॉट प्रसिद्ध झाला. त्यातला एक भाग आमच्या हिरव्या बोर्डाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कितीही गुंतागुंतीचे विधान असो, बूल म्हणतात, त्यातला एक घटक उचला. तो एक असताना काय होते आणि शून्य असताना काय होते, असे दोन तुकडे करा. मग प्रत्येक तुकड्यात दुसऱ्या घटकाचे तसेच करा. शेवटी हातात फक्त शून्य आणि एक अशी उत्तरे उरतात आणि ती सर्व मिळून ते विधान पूर्ण होते. दोन घटकांना चार उत्तरे, तिनांना आठ, चारांना सोळा. मामेभावाने मला कागदावर लिहायला लावलेल्या आठ ओळी त्या याच.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी बूल घरून सुमारे तीन मैल चालत, भर पावसात कॉलेजला गेले आणि भिजलेल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. थंडी भरली, न्यूमोनिया झाला. ज्या कारणाने रोग होतो तोच त्यावर उतारा, अशी मेरी यांची श्रद्धा असल्याने त्यांनी आजारी पतीला पाण्याने भिजवले असे सांगतात. ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास. धाकटी मुलगी सात महिन्यांचीही नव्हती. बत्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या मेरी यांनी लंडनमध्ये मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी करून संसार सावरला आणि लहान मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. मुलींपैकी ॲलिशिया हिने चार मितींच्या भूमितीत नाव कमावले, लूसी रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली आणि धाकटी एथेल द गॅडफ्लाय या कादंबरीमुळे प्रसिद्धीस आली. बूल दांपत्याचे खापरपणतू जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो संगणकाला शिकते करणाऱ्या संशोधनाबद्दल.

बूल यांच्या हयातीत या बीजगणिताचा व्यवहारात काडीचाही उपयोग झाला नाही. जेव्हन्स आदींनी त्यात सुधारणा केल्या, तरी ते तर्कशास्त्राच्या पुस्तकांतच राहिले. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, विजेच्या रिलेचे खटके हेच नियम पाळतात. बूल यांचे बीजगणित तो तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकला होता. दोन खटके एकामागे एक जोडले की आणि. शेजारी शेजारी जोडले की किंवा. त्याचा हा प्रबंध १९३८ साली छापला गेला आणि तेव्हापासून सर्किट जोडणे हे कागदावर सोडवण्याचे गणित झाले.

पुढे रिले गेले, ट्रान्झिस्टर आले, मग एका चिपवर अनेक गेट आले. तरी सर्किट बदलायचे तर चिप किंवा तारा बदलाव्या लागत. १९७८ साली मोनोलिथिक मेमरीज कंपनीने पाल नावाची चिप आणली. तिच्यातल्या आणि व किंवा यांच्या जोडण्या विकत घेणारा एकदा स्वतः ठरवू शके. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने ६४ लॉजिक ब्लॉकची चिप काढली. ती हवी तितक्या वेळा नव्याने भरता येई. एफपीजीए या नावाने आज जी चिप ओळखली जाते तिची ही पहिली पिढी. तिच्या पोटात काय असते? चार घटकांसाठी सोळा छोटे कप्पे, आणि प्रत्येकात शून्य किंवा एक. बटणांची अवस्था पाहून त्या त्या कप्प्यातले उत्तर बाहेर येते. सोळा कप्पे भरण्याच्या एकूण रीती ६५,५३६. म्हणजे चार घटकांचे इतके वेगवेगळे नियम त्याच एका जागी बसू शकतात. बूल यांनी विधानाचे तुकडे पाडून शेवटी जी उत्तरे हाती घ्यायला सांगितली, ती येथे प्रत्यक्ष कप्प्यांत भरून ठेवलेली असतात. अभियांत्रिकीच्या कित्येक पुस्तकांत या विस्ताराला शॅनन यांचे नाव आहे. पण तो १८५४ च्या ग्रंथात आहे.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून एकच प्रश्न विचारायला शिकवतात : यातून मिळणार काय? आणि किती दिवसांत? बूल यांना हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांना उत्तर देता आले नसते. शॅनन येईपर्यंत मधे त्र्याऐंशी वर्षे जायची होती. म्हणून हा प्रश्नच चुकीचा असे मी म्हणत नाही. घरात पाच माणसे जेवायला असताना बूल यांनीही तो आधी सोडवला, शाळा चालवली, भावंडे सांभाळली. पण तो सोडवून झाल्यावर रात्री उरलेला वेळ त्यांनी ज्याचा लगेच उपयोग दिसत नव्हता अशा कामाला दिला. आपल्यापैकी किती जण एखादा विषय, आपल्या शाखेचा नाही किंवा आपल्या माध्यमात नाही एवढ्याच कारणासाठी सोडून देतात! मीही तो बोर्ड पहिल्या चुकीनंतर परत करणार होतो.

शेजारी मामेभाऊ होता म्हणून माझी चूक दहा मिनिटांत सापडली. बूल यांच्याशेजारी कोणी नव्हते. सुटी संपण्याच्या आदल्या रात्री मी कंस घालून ओळ पुन्हा लिहिली आणि आठही अवस्था बटणे दाबून तपासल्या. तीन ठिकाणी दिवा लागला, पाच ठिकाणी लागला नाही. मग नियम बदलला : आता दोघांच्याही सह्या हव्यात. एकही तार हलवली नाही. कागदावरचे दोन एक खोडून तेथे दोन शून्ये लिहिली आणि चिप पुन्हा भरली. या वेळी दिवा एकाच ठिकाणी लागला, आणि तो बरोबर होता.